सम कुणाच्या मालकीची?

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी आमच्या भागातल्या एका रसिक मंडळाची बैठक भरली होती. मंडळाचे नाव सांगत नाही. साताऱ्यात अशी मंडळे पुष्कळ आहेत, आणि ज्याने त्याने आपापल्या मंडळाचे नाव तिथे घालून वाचले तरी माझी हरकत नाही. दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमाची आखणी चालली होती. गायिका ठरल्या, तबलजी ठरले, निवेदन कोणी करायचे यावर पाऊण तास गेला. शेवटी मी जरा भीतभीतच म्हणालो, "मध्यंतराच्या आधी वीस मिनिटे आपल्या पलीकडच्या आळीतल्या त्या बेंजोवाल्या पोराला द्या. चांगला वाजवतो."

क्षणभर शांतता पसरली आणि मग हशा उसळला. इतका मोकळा हशा मंडळाच्या विनोदी एकांकिकांनाही कधी लाभला नसेल. "अहो, पहाट आहे ही, वरात नव्हे!" असे एक गृहस्थ डोळे पुसत म्हणाले आणि विषय चहाच्या खर्चाकडे वळला.

मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची मला आजतागायत लाज वाटते आणि हा लेख त्या लाजेपोटी लिहीत आहे, हे वाचकांना आधीच सांगून टाकलेले बरे.

पुढे पाडव्याला पुण्याहून पुतण्या आला. संगणकाच्या कुठल्याशा कचेरीत तो कामाला आहे आणि वर्षभरापासून त्याला जपानी बँडांचे वेड लागले आहे. आमच्याकडे फराळाला शेजारचे प्राध्यापक आले होते. निवृत्त झाले तरी शिकवणे सुटलेले नाही, असे ते गृहस्थ; संगीताचा कान मात्र खरोखर चांगला. पुतण्याने फराळाच्या ताटाशेजारी एक डबीएवढा स्पीकर ठेवला आणि ओसाका मोनोरेल नावाच्या बँडचे वादन लावले. माझ्या हातातली चकली हातातच राहिली आणि पाय आपोआप हलू लागला. "तुमचा गुडघा दुखतो ना?" असे आमच्या सौभाग्यवतींनी स्वयंपाकघराच्या दारातून विचारलेसुद्धा.

प्राध्यापकांनी डोळे मिटून दोन मिनिटे ऐकले आणि निकाल दिला : "कसब आहे, नाही असे नाही. पण नक्कल आहे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे संगीत जपान्यांनी सूट घालून वाजवायचे, यात त्यांचे स्वतःचे काय?"

पुतण्या रागावला. मला मात्र रसिक मंडळाचा तो हशा आठवला. प्राध्यापकांची 'नक्कल' आणि त्या गृहस्थांची 'वरात' हे दोन शब्द एकाच पोटचे भाऊ आहेत, असे मला तेव्हा वाटले आणि वर्षभर विचार केल्यावर त्याची खात्री झाली आहे.

प्रथम हे 'फंक' म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण नाव ऐकूनच काही वाचक पान उलटतील. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या बोलीत या शब्दाला घामाच्या उग्र वासाचा अर्थ आहे. सभ्य लोक ज्या वासाने नाक मुरडत, तोच शब्द वादकांनी अभिमानाने आपल्या संगीताला दिला. जेम्स ब्राउन हा त्यातला आद्य पुरुष. १९६५ च्या सुमारास त्याने एक साधीशी वाटणारी गोष्ट केली. तोपर्यंत त्या संगीतात चार मात्रांपैकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर जोर असे. ब्राउनने सगळे वजन पहिल्या मात्रेवर आणून ठेवले. १९६७ सालचे त्याचे 'कोल्ड स्वेट' (पुन्हा घामच, पण थंड) ऐकावे. सुरावटीची फारशी हालचाल नाही. गिटार, तुताऱ्या, खर्जाची गिटार, गाणाऱ्याचा गळा, सगळे जणू ढोल होऊन बसलेले. मधल्या मात्रांत जो तो आपापल्या वाटेने भटकतो, एकमेकांच्या फटींत बोट घालतो, आणि पहिली मात्रा आली की सारे एकदम एका जागी पाय रोवतात.

आता मला सांगा, ही आपली सम नव्हे तर काय? तिहाई घेऊन तबलजी समेवर येतो तेव्हा आपली मान हलते, तीच ही मान. ढोलकीवाला तोडा वाजवून जागेवर येतो आणि फडातले सारे पटके एकदम डोलतात, तेच हे डोलणे. जेम्स ब्राउनने आपली सम चोरली असे मी म्हणत नाही. तसे म्हणणारे देशाभिमानी आपल्याकडे निघतील याची भीतीच वाटते. मी एवढेच म्हणतो, की सम कुणाच्या मालकीची नसते. ज्याचा पाय तिच्यावर नेमका पडतो, त्याची ती तेवढ्यापुरती.

जपानात हे कसे पोहोचले? दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे अमेरिकन फौजांचे तळ पडले. त्या तळांवरच्या क्लबांत वाजवायला जपानी वादक लागत आणि फौजेचे नभोवाणी केंद्र जपानी पोरे चोरून ऐकत. म्हणजे ज्यांनी देश जिंकला त्यांच्या छावणीतून हे सूर आले. ते घ्यायचे की नाही, हा प्रश्न त्या पोरांच्या मनात आला नसेल असे समजू नका. १९७० च्या आसपास तिथल्या संगीताच्या मासिकांतून एक खडाजंगी वाद झाला : रॉक संगीत जपानी भाषेत गाता येते का? इंग्रजीतच गायले पाहिजे, असे एका पक्षाचे म्हणणे. 'हॅपी एंड' नावाच्या चार तरुणांच्या बँडने वाद घालीत न बसता १९७१ मध्ये 'काझेमाची रोमान' ही ध्वनिमुद्रिका काढली, संपूर्ण जपानीत, आणि वादाचा निकाल लागल्यासारखाच झाला. आमच्याकडे असा वाद दहा परिसंवाद आणि एक विशेषांक होईपर्यंत मिटला नसता.

त्या चौघांतला हारुओमी होसोनो हा गृहस्थ मोठा मजेदार आहे. १९७८ मध्ये तो हिंदुस्थानात हिंडून गेला आणि परत जाऊन त्याने 'कोचीन मून' नावाची ध्वनिमुद्रिका केली. त्याच वर्षी त्याने आणखी दोघांना घेऊन 'यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा' उभा केला. १९८० साली हे त्रिकूट अमेरिकेतल्या 'सोल ट्रेन' या दूरचित्रवाणी कार्यक्रमात गेले. हा कार्यक्रम म्हणजे कृष्णवर्णीय संगीताची पंढरी. तिथे या तीन जपान्यांनी टेक्सासच्या कृष्णवर्णीयांचेच एक जुने गाणे आपल्या यंत्रांवर वाजवले, आणि समोरची तरुण मंडळी नाचली. प्राध्यापक ज्याला नक्कल म्हणतात ती मूळ मालकांच्या दारात जाऊन अशी उभी राहिली आणि मालकांनी तिला ओवाळून आत घेतले. एवढ्यावर थांबले नाही. त्याच साली जपानच्या रोलंड कंपनीने तालाचे एक यंत्र काढले, टीआर-८०८. खऱ्या ढोलासारखे वाजत नाही म्हणून पुष्कळांनी त्याची टवाळी केली, आणि तीनच वर्षांत कंपनीने ते बनवणे बंद केले. पण न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतल्या पोरांनी तेच यंत्र उचलले आणि त्याच्या ठोक्यावर पुढचे सगळे संगीत उभे केले. आता यात कोणी कोणाची नक्कल केली, याचा हिशेब प्राध्यापकांनीच मांडून दाखवावा. मला तर ही देवघेव हळदीकुंकवाच्या वाणासारखी वाटते. फिरत फिरत आपलेच वाण आपल्याकडे येते, आणि मधल्या बारा घरांचा हात त्याला लागलेला असतो.

ओसाका मोनोरेल हे १९९२ साली निघालेले मंडळ. त्यांचे नावसुद्धा जेम्स ब्राउनच्या वादकमेळ्याच्या एका गाण्यावरून घेतलेले, म्हणजे नक्कल त्यांनी कपाळावर गोंदून घेतली आहे! पण ऐका. तीस वर्षे एकच गोष्ट घासून घासून त्यांनी ती अशी केली आहे की सुईला धार यावी. उलट २०१३ मध्ये निघालेले सचमॉस हे कानागावा भागातल्या पोरांचे मंडळ. त्यांचे २०१६ सालचे 'स्टे ट्यून' तोक्योच्या रात्रीसारखे गुळगुळीत, थोडे आळसावलेले. दोघांत मला आवडनिवड विचाराल तर मी ओसाकावाला. पुतण्या दुसऱ्या पक्षाचा आहे. तो वयाचा फरक आहे.

बरे, नकलेविषयी बोलायचा हक्क जगात कुणाला असेल तर तो निदान सांगली-साताऱ्याच्या माणसाला तरी नसावा. आपली मराठी रंगभूमी कुठे जन्मली? सांगलीत. कशी जन्मली? १८४२ साली कर्नाटकातून भागवत मंडळी सांगलीला आली आणि त्यांचे खेळ संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांना आवडले. असे काही मराठीत करा, असे त्यांनी विष्णुदास भाव्यांना सांगितले आणि १८४३ च्या नोव्हेंबरात 'सीतास्वयंवर' उभे राहिले. कानडी पाहून मराठी केले. ५ नोव्हेंबरला आपण जो रंगभूमी दिन साजरा करतो, तो नीट पाहिले तर एका उत्तम नकलेचा वाढदिवस आहे. त्या दिवशी भाषण करणाऱ्यांत आमचे प्राध्यापकही असतात.

मिरजेला जा. तिथल्या सतारमेकर गल्लीत आज ज्या घराण्यांची नावे आदराने घेतली जातात, ती मंडळी मूळची शिकलगार. तलवारींना आणि भाल्यांना धार लावणारी. हत्यारांचे दिवस संपले तेव्हा, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, फरीदसाहेब शिकलगारांनी उत्तरेकडून आलेली सतार उघडून पाहिली आणि तशी बनवायला घेतली. भोपळा मंगळवेढे-पंढरपुराकडचा, हात मिरजेचे, वाद्य उत्तरेचे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. सरकारी शिक्का बसला की ही चीज इथलीच! त्याच मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेब विसावले आहेत. माणूस कैरान्याचा, घराणे किराणा, कर्मभूमी मिरज; सरगमेचे कर्नाटकी वळण त्यांनी आपल्या गाण्यात घेतले आणि त्यागराजांची कृती ध्वनिमुद्रित करून ठेवली. त्यांना कोणी नक्कल्या म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

इथपर्यंत माझा पुतण्या मला टाळ्या देत होता. काका आपल्या बाजूला आले, असे त्याला वाटले. म्हणून मी त्याला मंडळातली बेंजोची गोष्ट सांगितली. तो काय म्हणाला असेल? तो म्हणाला, "पण काका, बेंजो म्हणजे अगदीच... गणपतीतला आवाज तो. त्याची आणि याची तुलना कशी होईल?"

मी त्याला म्हटले, "अरे, तुझ्या जपानी बँडाच्या आधी शंभर वर्षे जपानहून आलेले जे वाद्य तुझ्या आळीत वाजते आहे, त्याला तू हसतोस?"

ही गोष्ट पुष्कळांना माहीत नसते, म्हणून सविस्तर सांगतो. आपण ज्याला बेंजो म्हणतो त्याचा अमेरिकन बँजोशी नावापलीकडे संबंध नाही. त्याचे पुस्तकी नाव बुलबुलतरंग. १९१२ साली, ताइशो बादशहाच्या कारकिर्दीच्या पहिल्याच वर्षी, नागोया शहरात गोरो मोरिता नावाच्या वादकाने लांबट पेटीवर तारा ताणल्या आणि टंकलेखनयंत्राला असतात तशा कळा त्यावर बसवल्या. डाव्या हाताने कळ दाबायची, उजव्या हातातल्या नखीने तार छेडायची. नाव पडले 'ताइशोगोतो', ताइशो काळातले कोतो. कोतो हे त्यांचे खानदानी वाद्य. शिकायला वर्षे जावीत असे. हे मात्र गरिबाने घरी बसून वाजवावे म्हणून केलेले. स्वस्त आणि सोपे असल्यामुळे ते जहाजांबरोबर जगभर गेले. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर स्वाहिली गाणाऱ्यांच्या ताअरब मैफलीत ते शिरले. बलुचिस्तानात गेले तेव्हा बलुचांनी त्याची पेटी लांब केली, तारा वाढवल्या, नाव ठेवले 'बेंजू', आणि आज तिथे त्याचे उस्ताद आहेत. लोक त्यांच्यापुढे मांडी घालून बसतात.

आणि आपण? आपण त्याला वीज जोडली, कर्ण्याला लावले, हातगाडीवर चढवले. शेजारी ढोलकी, ताशा, पुढे रोलंडचे ऑक्टोपॅड आणि ज्याला सगळे 'कॅसिओ'च म्हणतात तो कुठल्याही कंपनीचा कीबोर्ड. म्हणजे मूळ वाद्य जपानी, पॅड जपानी, कॅसिओ जपानी, आणि ताल मात्र अस्सल आपल्या मातीतला. ओसाकाच्या मंडळींनी अमेरिकेचा ताल जपानी हातांनी वाजवला. आमच्या पोरांनी जपानी वाद्यांवर हलगीचा ताल वाजवला. पहिल्याला पुतण्या पैसे मोजतो, दुसऱ्याला रसिक मंडळ हसते.

मंडळातल्या लोकांचा एक आक्षेप खरा आहे, तो मी लपवणार नाही. बेंजोला मींड येत नाही. कळ दाबली की स्वर ठाम. दोन स्वरांच्या मधली वाट त्याला बंद. पण हाच आक्षेप पेटीवर होता! १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये जन्मलेली ही फिरंगी बाई. तिला मींड येत नाही, श्रुती येत नाहीत, म्हणून १९४० ते १९७१ अशी तीसएक वर्षे नभोवाणीने तिला दाराबाहेर उभे केले होते. त्याच पेटीवर गोविंदराव टेंब्यांनी महाराष्ट्राला वेड लावले होते. आज आमच्या मंडळाच्या पहाटेला व्यासपीठावर पेटी असते आणि तिला कोणी मींडेचा दाखला विचारत नाही. तेव्हा खरा अडसर मींडेचा नाही.

खरा अडसर काय आहे ते सांगतो. सणाच्या अंकात सांगू नये असे काहींना वाटेल. हलगी कोण वाजवतो, बेंजोच्या गाडीवर कोणत्या आळीतली पोरे उभी असतात, हे आपण आधी पाहतो आणि मग कान उघडतो. मातंगाच्या आणि महाराच्या हातातली हलगी शतकानुशतके गावाच्या प्रत्येक मंगल कार्यात पुढे चालली आणि जेवायला मात्र मागे, वेशीपाशी बसली. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी ढोलकीच्या फडात गेले आणि पठ्ठे बापूराव झाले, तेव्हा त्यांच्या लावण्यांत दोष कोणाला सापडला नाही. दोष सापडला तो त्यांच्या शेजारी उभे असणाऱ्यांच्या जातीत. फंक या शब्दातला घाम मी वर सांगितला. तो घाम आपल्याकडेही आहे, फक्त आपण त्याला अजून अभिमानाचा शब्द केलेला नाही. अमेरिकेतल्या घामाला मात्र जपानमार्गे सूट घालून आणले की आपल्या दिवाणखान्यात जागा मिळते.

आता डॉल्बी. सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात हा शब्द कानी पडला की छातीत धडधड होते, ती शब्दशः. रे डॉल्बी या भल्या गृहस्थाने १९६५ साली आपली प्रयोगशाळा काढली ती ध्वनिफितीतली खरखर घालवण्यासाठी. गोंगाट कमी करणे हा त्याचा धंदा. त्याचे नाव आमच्या जिल्ह्यांत गोंगाटाच्या भिंतीला मिळावे, हा दैवाचा विनोद आहे. २००० सालच्या नियमांत निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातलेली आहे. मिरवणुकीच्या रात्री हा कागद कुठे जातो ते गणराय जाणे. पण माझे भांडण डेसिबलशी दुय्यम आहे. त्या भिंतीपुढे कोणी वाजवत नसते, हे माझे खरे दुखणे आहे. ट्रकवर पंधरा पेट्या आणि एका पोराच्या हातात एक कळ. पलीकडच्या आळीतल्या बेंजो पार्टीत पूर्वी अकरा जण होते. आता सहा उरले. उरलेल्यांपैकी एक रिक्षा चालवतो, एकजण एमआयडीसीत कामाला जातो. ज्यांना आपण रसिक म्हणून वरातवाले ठरवले, त्यांना वरातीनेही काढून टाकले. रसिक मंडळी डॉल्बीविरुद्ध निवेदने देतात, मीही सही करतो. पण डॉल्बीने ज्यांची जागा घेतली त्यांना आपण आधीच हसून बाहेर काढले होते, हे त्या निवेदनात कुठे लिहिलेले नसते.

भाऊबीजेच्या संध्याकाळी पुतण्याला घेऊन मी त्या पोराच्या घरी गेलो. एका खोलीत घर. बेंजो पलंगाखाली, जुन्या साडीत गुंडाळलेला. त्याच्या आईने लाडू दिले. पुतण्याने आपली डबी काढून ओसाकावाल्यांचे ते वादन लावले. पोराने मान खाली घालून ऐकले. पुतण्याने विचारले, "कसे वाटले?" तो म्हणाला, "खालची तार ऐका की, दादा. तो नुसता खर्जावर खेळतोय, पण जागा सोडत नाही." मग त्याने बेंजो बाहेर काढला, दोन कळा चाचपल्या, आणि तिसऱ्या फेरीला त्या खर्जाच्या गिटारीची चाल त्याच्या हातात आली. धाकटा भाऊ स्टुलावर बोटे आपटू लागला. आपटता आपटता ती हलगी झाली. दोन्ही नेमके एका मात्रेवर येत होते. पुतण्या खिशातला फोन काढून ते टिपून घ्यायला विसरला, याची त्याला नंतर फार हळहळ वाटली.

प्राध्यापकांना मी हे सांगितले. ते म्हणाले, "ऐकवा एकदा." एवढे म्हणायला त्यांना किती लागले असेल ते त्यांना ओळखणाऱ्यालाच कळेल.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा रसिक मंडळाची यंदाची बैठक होऊन गेलेली असेल. तिथे मी जाणार आहे. गेल्या वर्षी वीस मिनिटे मागितली होती, यंदा अर्धा तास मागणार आहे. आणि हशा झाला तर तो संपेपर्यंत उभा राहणार आहे.